बंद म्हणजे काय रे भाऊ?

आपल्याकडे कुठल्याही पक्षाने 'बंद' पुकारला की बातमीच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. दूध, औषधांची दुकानं आणि रुग्णवाहिका यांना बंदमधून वगळण्यात आलं आहे. म्हणजे बंद आहे, पण अगदीच बंद नाही. आजकालच्या लॅपटॉपचा 'शट डाउन' हा याच जातीचा बंद आहे असं माझं ठाम मत झालंय. फरक इतकाच की पक्षवाले कोणाला वगळलंय ते आदल्या दिवशी जाहीर तरी करतात. लॅपटॉप बनवणारे तेवढंही करत नाहीत.

आजचं हे लिखाण जरा रागातलं आहे, तेव्हा आधी रागाचं कारण सांगतो. नमनालाच घडाभर तेल जाईल, पण इलाज नाही.

माझी मामेबहीण दापोलीजवळच्या एका गावात राहते. बी.कॉम. झालीय, टॅली येतं, एक्सेल तर माझ्यापेक्षा चांगलं येतं. (मी प्रोग्रामर असलो तरी व्हीलुकअप अडलं की गुपचूप तिलाच फोन करतो. हापिसात सांगू नका.) गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. त्याच्या आदल्या दिवाळीत बोनस मिळाला होता, त्यातून तिला एक लॅपटॉप घेऊन दिला होता. मधल्या दर्जाचा, बॅटरी ४२ वॅट-अवरची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकाच कंपनीचं पाप नाही.

कोकणात पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. पण जून २०२० मध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हा तिकडे कित्येक दिवस अंधार होता, आणि तेव्हापासून मामीने एक नियम केलाय. आभाळ भरून आलं की घरात जे जे चार्ज होतं ते ते चार्जिंगला लावायचं. विजेऱ्या, मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप, सगळं. त्या सोमवारी दुपारीही तिने तेच केलं. चार वाजता लॅपटॉप १०० टक्के झाला. बहिणीने तो रीतसर शट डाउन केला, बॅगेत घातला आणि कपाटात ठेवला. रात्री वीज गेली ती गेलीच.

शुक्रवारी सकाळी दहाला तिची पुण्यातल्या एका सीए फर्मबरोबर ऑनलाइन मुलाखत होती. त्यात एक्सेलची परीक्षा, स्क्रीन शेअर करून. बॅटरी राखून ठेवायची म्हणून पोरीने चार दिवस लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. सराव वहीवर फॉर्म्युले लिहून केला. फोन मामाच्या जीपमध्ये चार्ज करून घेतला, हॉटस्पॉटची तयारी ठेवली. दहाला पाच मिनिटं कमी असताना लॅपटॉप उघडला.

९ टक्के.

परीक्षेच्या सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला. समोरच्या लोकांनी "कळवतो" म्हटलं आणि अर्थातच कळवलं नाही.

पण मला चीड आली ती पुढच्या भागाची. घरात सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं. मामा म्हणाला, "अगं, नीट बंद केला नसशील." मामी म्हणाली, "रात्री पिक्चर बघत बसली असशील." रडत रडत तिचा मला फोन आला. "दादा, मी खरंच शट डाउन केला होता रे. नुसतं झाकण नव्हतं मिटलं."

आणि मी, पुण्यात एसीत बसून सॉफ्टवेअर लिहिणारा शहाणा इंजिनिअर, काय म्हणालो असेन? "नक्की का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या दोन शब्दांची लाज अजून वाटते, म्हणून हा खटाटोप.

मग कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र. "सर, शट डाउननंतर थोडी बॅटरी उतरणं नॉर्मल आहे." थोडी म्हणजे किती? "मॉडेलवर डिपेंड असतं सर." बरं, या मॉडेलची किती? इथे संगीत लागलं. चार मिनिटांनी परत येऊन त्याने विंडोज रिसेट करायला सांगितलं. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर तो आकडाच नसणार. पण मुद्दा लक्षात घ्या. 'नॉर्मल' म्हणायला यांना अर्धा सेकंद लागतो, आणि नॉर्मल म्हणजे किती हे कोणालाच माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात मामा पुण्याला आला तेव्हा त्याच्याबरोबर लॅपटॉप मागवून घेतला आणि तपासणी सुरू केली. ही तपासणी फार कंटाळवाणी असते, कारण प्रत्येक प्रयोगात लॅपटॉप १०० टक्के करायचा, बंद करायचा आणि ४८ तास त्याच्याकडे बघायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन-तीन सेटिंगं एकदम फिरवली की गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. आपल्या पेशात बग शोधताना हे आपण रोज शिकतो आणि रोज विसरतो.

सगळ्यात आधी, काहीही न बदलता. १०० वरून ५२. म्हणजे बहीण खरं बोलत होती. बॅटरीच सडकी आहे का, तेही पाहून घेतलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. दोन्ही जवळपास सारखे. बॅटरी ठणठणीत.

माझा पहिला संशय होता 'फास्ट स्टार्टअप'वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'शट डाउन' या बटणाचा अर्थच बदललाय. तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग ऑफ होता, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, बंद होत नाही. त्याची आहे त्या स्थितीतली प्रत डिस्कवर लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालू. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं की हे होत नाही, तिथे कर्नल खरंच नव्याने सुरू होतं. म्हणजे 'बंद करा' म्हटलं तर अर्धवट बंद होतं आणि 'बंद करून परत चालू करा' म्हटलं तर पूर्ण बंद होतं. आता बोला!

तर हे सेटिंग काढलं, ४८ तास थांबलो. १०० वरून ५३. काहीही फरक नाही. माझं सगळं वक्तृत्व वाया. आणि विचार केला तर ते बरोबरच आहे. प्रत डिस्कवर लिहून झाली की ती टिकवायला वीज लागत नाही. काही मशीनवर या फास्ट स्टार्टअपमुळे एखादं उपकरण जागं राहतं, तिथे फरक पडतो. या मशीनवर नाही पडला. चूक कबूल.

मग बायॉसमध्ये शिरलो. नेटवर्कवरून मशीन जागं करायची सोय आधीच बंद होती. त्याच्या तीन ओळी खाली एक सेटिंग सापडलं, ज्याचा अर्थ असा की लॅपटॉप बंद असतानाही यूएसबी पोर्टला वीज देत राहायची. कशासाठी? तर तुम्हाला बंद लॅपटॉपवरून मोबाइल चार्ज करता यावा. कारखान्यातूनच चालू करून पाठवलेलं. आणि त्याच पोर्टमध्ये बहिणीच्या वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर कायमचा खोचलेला.

रिसीव्हर काढला, सेटिंग तसंच ठेवलं. ४८ तासांनी ६९. म्हणजे पोर्टमध्ये काहीही नसताना, नुसतं "कोणी येतंय का" म्हणून दार उघडं ठेवायलाच ३१ टक्के गेले. नंतर सेटिंग बंद केलं. ४८ तासांनी ९७.

५२ आणि ९७. मधलं अंतर एका टिकेचं. ती टिक माझ्या बहिणीने लावली नव्हती, मी लावली नव्हती, दुकानदाराने लावली नव्हती. खोक्यावर मात्र 'लॅपटॉप बंद असतानाही चार्जिंग' असं चित्र होतं, मोबाइल आणि विजेच्या खुणेसकट. त्याची किंमत म्हणून चार दिवसांत तुमची बॅटरी रिकामी होईल हे चित्रात नव्हतं.

आता थोडा इतिहास, कारण हे एका रात्रीत झालेलं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीला उजव्या बाजूला मागे एक मोठा लाल खटका होता. तो पाडला की वीज तुटायची. विषय संपला. विंडोज ९५ च्या काळातले पीसी ज्यांनी शाळेत पाहिलेत त्यांना ती नारिंगी अक्षरं आठवतील, आता तुम्ही संगणक बंद करू शकता असं सांगणारी. सॉफ्टवेअर नम्रपणे सांगायचं की माझं आवरलं, आणि मग बंद करायचा मान तुमच्या बोटाचा.

१९९५ मध्ये एटीएक्स आलं आणि पॉवरचं बटण हे खटका न राहता नुसती विनंती झालं. तुम्ही बटण दाबता, मदरबोर्डला निरोप जातो, आणि ते योग्य वाटल्यास बंद होतं. तुमचा निरोप ऐकायला कोणीतरी सतत जागं असावं लागतं, म्हणून थोडी वीज कायम चालू. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक काढलं. आजही आपले लॅपटॉप त्याच्याच भाषेत झोपतात आणि उठतात. त्यात 'बंद'चे दोन प्रकार सरळ लिहून ठेवलेत. एक 'मेकॅनिकल ऑफ', म्हणजे खटका पाडून केलेलं बंद, जिथे घड्याळ सोडून कशालाही वीज जात नाही आणि मशीन उघडून हात घातला तरी धोका नाही. दुसरं 'सॉफ्ट ऑफ'. यात थोडी वीज वाहतच असते आणि या अवस्थेत मशीन उघडणं सुरक्षित नाही असंही तिथेच म्हटलंय.

म्हणजे ज्यांनी मानक लिहिलं त्यांना फरक पक्का माहीत होता. दोन वेगळे शब्द त्यांच्याकडे होते. आपल्यापर्यंत पोचताना दोन्हीचा मिळून एकच शब्द झाला, 'शट डाउन'.

पूर्वीच्या लॅपटॉपला खाली एक कुलूप सरकवलं की बॅटरी हातात यायची. ज्याला खरोखर बंद हवं असेल तो बॅटरी काढून ठेवायचा. आमच्या कॉलेजात एक वयस्कर सर होते, ते सुट्टी लागली की लॅपटॉपची बॅटरी काढून रुमालात गुंडाळून ठेवायचे. आम्ही हसायचो. सर बरोबर होते. आता बॅटरी आत, वरून दहा-बारा स्क्रू, काही ठिकाणी डिंकसुद्धा. लाल खटका गेला, बाहेरची बॅटरी गेली, आणि खरं 'बंद' करायचा शेवटचा रस्ताही गेला. युरोपने २०२३ च्या बॅटरी नियमात अशा छोट्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत असं म्हटलंय आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही तारीख दिलीय. तिथे झालं तर आपल्याकडे झिरपेल, ही आशा.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप. हे सगळे मी हापिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलेत, त्यामुळे कल्पनेतले नाहीत.

पहिला: "अरे, अर्ध्या वॅटसाठी किती रडशील?" गणित करू. बहिणीच्या लॅपटॉपने ९० तासांत ९१ टक्के घालवले. ४२ वॅट-अवरचे ९१ टक्के म्हणजे ३८ वॅट-अवर. भागिले ९०. उत्तर साधारण ०.४२ वॅट. (बॅटरीचे टक्के हा मशीनचा अंदाज असतो, एक-दोन टक्के इकडेतिकडे धरा.) खरोखर अर्ध्या वॅटपेक्षा कमी. आणि खरी मेख इथेच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये बंद आणि स्टँडबाय उपकरणांसाठी 'एक वॅट'ची मोहीम मांडली. युरोपच्या २००८ च्या नियमाने घरातल्या आणि हापिसातल्या उपकरणांना बंद अवस्थेत २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा घातली. संगणकांसाठी पुढे वेगळा नियम आला, पण विचार तोच, भिंतीतून किती वीज ओढली जाते. टीव्हीसाठी तो विचार झकास आहे. भिंतीतून वर्षभर अर्धा वॅट गेला तर चार-साडेचार युनिट, बिलात कळणारही नाही. पण भिंतीमागे धरण आहे आणि लॅपटॉपमध्ये आहे तांब्याभर पाणी. धरणाच्या हिशेबात जो थेंब नगण्य, त्याने तांब्या चार दिवसांत रिकामा होतो. थेंबे थेंबे तळं साचतं तसं थेंबे थेंबे आटतंही.

दुसरा: "शून्य कधीच शक्य नाही, तुला फिजिक्स कळत नाही." कळतं हो. लिथियम-आयन पेशी नुसती पडून राहिली तरी महिन्याला थोडीशी उतरते. घड्याळ चालू राहायला हवं, बटणाकडे लक्ष ठेवणारी चिप हवी. हे सगळं मान्य, आणि यातलं मला काहीच नकोय असं नाही. पण हे सगळं चालू असतानाच तर ४८ तासांत ३ टक्के गेले ना! मी ३ बद्दल बोलत नाहीये. ३ आणि ४८ यांच्यातल्या फरकाबद्दल बोलतोय.

तिसरा, आणि हा सगळ्यात लाडका: "लोकांना सोय हवी असते." कोणत्या लोकांना? कधी विचारलं? मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलंय की विंडोज ८ पासून शट डाउननंतर नेटवर्क कार्डाला मशीन उठवण्यासाठी जागं ठेवायचं नाही, कारण बंद केल्यावर वीज अजिबात जाऊ नये अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. म्हणजे अपेक्षा काय आहे ते या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. एकाने ती लिहून ठेवलीय, दुसरा बायॉसमध्ये टिक लावून ती मोडतो.

आणि टिक का लावतात हे मी तुम्हाला आतल्या गोटातून सांगतो, कारण हेच पाप आपण सॉफ्टवेअरवालेही करतो. नवीन फीचर बनवलं की ते किती जण वापरतात हा आकडा वर दाखवायचा असतो. फीचर बंद ठेवून दिलं तर शंभरातले दोन जण शोधून चालू करतात. चालू ठेवून दिलं तर शंभरातले दोन जण शोधून बंद करतात. दोन्हीकडे माणसं तीच, पण दुसऱ्या स्लाइडवर ९८ टक्के वापर दिसतो. टाळ्या. त्या ९८ मध्ये माझी बहीण होती. तिने त्या पोर्टवरून आयुष्यात एकदाही मोबाइल चार्ज केला नव्हता.

चौथा: "तू इंजिनिअर ना, बदल की सेटिंग." बदललं! दोन आठवडे घालवून, चार वेळा चार्ज करून, बायॉसमध्ये शिरून. दापोलीच्या त्या पोरीने काय करायचं होतं? चालू करताना नेमकी कुठली कळ दाबायची हेसुद्धा दर कंपनीचं वेगळं. ज्या सेटिंगने माणसाची नोकरी जाऊ शकते ते सेटिंग त्या माणसाला सापडणार नाही अशा जागी ठेवायचं आणि वर "पर्याय उपलब्ध आहे" म्हणायचं, ही सोय नव्हे, पळवाट आहे.

झाकण मिटून लॅपटॉप ठेवणाऱ्यांची कथा तर याहून करुण. २०१२ नंतर विंडोजच्या मशीनमध्ये मोबाइलसारखी झोप आली, आधी 'कनेक्टेड स्टँडबाय' आणि २०१५ च्या विंडोज १० पासून 'मॉडर्न स्टँडबाय'. यात मशीन खरं म्हणजे झोपतच नाही, डोळे मिटून पडून राहतं आणि मधूनमधून मेल बघतं. बऱ्याच नव्या मशीनमध्ये जुनी गाढ झोप बायॉसमधूनच काढून टाकलेली असते. बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तव्यासारखा तापलेला निघाला, हा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांचा असेल. पण तो विषय वेगळा. तिथे निदान आपण 'झोप' म्हटलं होतं. मी भांडतोय ते 'बंद' म्हटल्यावरही ऐकत नाहीत म्हणून.

बरं, खरं 'बंद' करणं यांना जमत नाही असंही नाही. नवा लॅपटॉप खोक्यातून काढला की तो बहुतेक वेळा नुसत्या बटणाने चालू होत नाही, आधी चार्जर लावावा लागतो. का? कारण कारखान्यातून निघताना बॅटरी आतल्या आत तोडून ठेवलेली असते. जहाज, गोदाम, दुकान असे कित्येक महिने काढायचे असतात, तेवढ्यात ती संपून मेली तर नुकसान कंपनीचं. लिथियम बॅटरी पार रिकामी होऊन पडून राहिली की कायमची खराब होते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. काही थिंकपॅडच्या बायॉसमध्ये तर आतली बॅटरी अशी तात्पुरती तोडायची सोय सरळ दिलेली आहे, दुरुस्तीवाल्यांसाठी. म्हणजे लाल खटका अजून आत जिवंत आहे! माल त्यांच्या गोदामात आहे तोवर तो वापरतात. आपण पैसे मोजले की लपवतात.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि एकही क्रांतिकारक नाही.

एक, खोक्यावर आकडा छापा. पूर्ण चार्ज करून बंद केलेला लॅपटॉप सात दिवसांनी किती टक्के उरतो. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, डाळ घेताना वजन वाचतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटलाय. पंधरा तास बॅटरी चालते हे मोठ्या अक्षरात छापता, तर चार दिवसांत बंद अवस्थेत संपते हे बारीक अक्षरात तरी छापा.

दोन, बंद असताना वीज खाणारी प्रत्येक सोय कारखान्यातून बंद ठेवून पाठवा. ज्याला हवी तो चालू करेल. पहिल्यांदा मशीन सुरू करताना भाषा विचारता, वायफाय विचारता, जाहिराती दाखवू का ते विचारता. त्यात हा एक प्रश्न जड नाही.

तीन, शट डाउनच्या शेजारी आणखी एक पर्याय द्या, 'पूर्ण बंद'. चार्जर लावल्याशिवाय उठणार नाही असा. गावाला निघालेल्या माणसासाठी, परीक्षेसाठी बॅटरी राखणाऱ्या मुलीसाठी. तो तुमच्याकडे आहेच, फक्त द्यायचाय.

तोवर काय करायचं? शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक केलं की त्या वेळेपुरतं फास्ट स्टार्टअप वगळून पूर्ण शट डाउन होतं. माउसचा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, जे काही खोचलेलं असेल ते काढून ठेवा. बायॉसमध्ये यूएसबीची वीज आणि नेटवर्कवरून जागं करणं, या दोन ओळी शोधा. आणि फार दिवस ठेवायचा असेल तर रिकामा ठेवू नका, निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा.

पण याच्याआधी एक काम करा. या शुक्रवारी रात्री लॅपटॉप १०० टक्के करा, बंद करा, चार्जर काढा आणि रविवारी रात्री उघडा. जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी आई, बहीण, काकू कोणीही म्हणाली की "मी बंद केला होता, तरी बॅटरी संपली", तर "नक्की का?" असं विचारायच्या आधी तो आकडा आठवा.

मी उशिरा आठवला. बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ५२, ५३, ६९, ९७. मामाला स्पीकरवर घेऊन मुद्दाम परत एकदा सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग बंद कशाला लिहितात त्याच्यावर?"

तेच तर म्हणतोय, मामा.